न्यायाधीश, सरकारी अभियोक्ता की विधी सेवेतला वकील? महाराष्ट्रात सरकारी सेवेकडे वळणाऱ्या वकिलांचे नेहमीचे प्रश्न

एलएलबी झालं. खासगी वकिली करायची नाही, लोकांसाठी काम करायचं आहे. जागा कुठे असतात?

जिल्हा पातळीवर मुख्य वाटा तीन. पहिली, दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. बोलीभाषेत ‘जेएमएफसी’. दुसरी, सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारतर्फे खटला चालवणारा वकील. पहिल्या दोन्ही जागांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो. तिसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाची. तिथे ज्याला वकील परवडत नाही त्याची बाजू मांडायची असते.

याखेरीज धर्मादाय आयुक्त कार्यालय, महापालिकांचे विधी विभाग, मंत्रालयातला विधी व न्याय विभाग, लष्कराची कायदा शाखा अशा जागा आहेत. अनेक सरकारी खात्यांत कंत्राटी ‘विधी अधिकारी’ही नेमतात. तो अनुभव उपयोगी पडतो, पण नोकरी कायम होईल या आशेवर तिथे वर्षं घालवू नका. शिवाय अशा जागेवर तुम्ही कोर्टात प्रत्यक्ष उभे राहता की नुसत्या फायलींवर अभिप्राय लिहिता, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. कारण खाली येईलच.

सनद (वकिलीचा परवाना) कशी घ्यायची, आणि किती खर्च येतो?

निकाल लागल्यावर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नावनोंदणीचा अर्ज करायचा. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 च्या निकालात स्पष्ट केलं की, ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये ठरवून दिलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे नावनोंदणीसाठी घेता येणार नाहीत. खुल्या गटासाठी ते 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं.

पहिली नोंदणी तात्पुरती असते. दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. 100 प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, टिपा नसलेली बेअर ॲक्टची (कायद्याच्या मूळ मजकुराची) प्रत सोबत नेता येते. परीक्षा अवघड नाही, पण ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणत दोन वर्षं सहज निघून जातात. तसं करू नका.

पदवीनंतर लगेच जेएमएफसीची परीक्षा देता येते का?

पूर्वी येत असे. पहिल्याच प्रयत्नात 55 टक्क्यांनी उत्तीर्ण झालेले ताजे पदवीधर वयाच्या पंचविशीपर्यंत अर्ज करू शकत होते. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात प्रवेशपातळीच्या न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट देशभर पुन्हा आणली. त्या तारखेआधी सुरू झालेल्या भरतीला ती लागू केली नाही.

तीन वर्षं मोजायची ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून, बार परीक्षेच्या निकालापासून नव्हे. हे अनेकांना माहीत नसतं आणि त्यामुळे वर्षभर उशिरा अर्ज करणारे भेटतात. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. वकिलांसाठी वयोमर्यादा 35, मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत. वय आणि अनुभव कोणत्या तारखेला मोजणार, हे मात्र प्रत्येक जाहिरातीत पाहा. शेवटी तीच तारीख चालते.

तीन वर्षांच्या वकिलीचा पुरावा काय?

किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर जिल्ह्याच्या किंवा त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात वकिली करत असाल, तर त्या न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा शेरा लागतो.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण येते ती अशी. ज्युनिअर रोज कोर्टात असतो, मुदतीचे अर्ज देतो, पुकारा झाला की उभा राहतो, क्वचित उलटतपासही घेतो. पण वकीलपत्रावर नाव आणि सही एकट्या सिनिअरची असते. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) ‘वादीचे वकील हजर’ एवढंच लिहिलेलं असतं. तीन वर्षांनी शेरा घ्यायला गेल्यावर न्यायाधीशांच्या कार्यालयातून विचारणा होते की तुमच्या नावावर कोणती प्रकरणं आहेत, आणि दाखवायला एकही कागद नसतो. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून एवढं करा:

- सिनिअरच्या वकीलपत्रावर आपलंही नाव, सनद क्रमांक आणि सही घाला. सिनिअर सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांना कुणी विचारतच नाही.
- दुसऱ्या वकिलाच्या वतीने हजर राहत असाल, तर लेखी पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) द्या. नुसतं तोंडी ‘सरांच्या वतीने’ म्हटलेलं कुठेच नोंदलं जात नाही.
- एक वही ठेवा: तारीख, कोर्ट, प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, त्या दिवशी काय केलं. सीएनआरवरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरण लगेच उघडतं.
- आपलं नाव असलेल्या आदेशांच्या नकला दरवर्षी काढून ठेवा. निकाली प्रकरण रेकॉर्ड रूममध्ये गेल्यावर नक्कल मिळायला वेळ लागतो.

जेएमएफसी परीक्षेचे टप्पे कसे असतात?

पूर्वपरीक्षा 100 गुणांची, वस्तुनिष्ठ, दोन तासांची. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. मुख्य परीक्षेत 100 गुणांचे दोन लेखी पेपर: एक दिवाणी कायद्यांचा, दुसरा फौजदारी कायद्यांचा आणि त्यातच निबंध. मुलाखत 50 गुणांची. पूर्वपरीक्षेचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत.

अभ्यासात मुलं हमखास दोन कायदे मागे टाकतात: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 आणि मुदतीचा कायदा 1963. कॉलेजात दोन्ही वरवर झालेले असतात. पूर्वपरीक्षेत मात्र त्यांच्यावर सरळ प्रश्न येतात. ज्याने कलमं वाचली त्याला गुण, ज्याने नाही वाचली त्याची नकारात्मक गुणांत भर. मुदतीच्या कायद्याचं परिशिष्ट पाठ करण्यापेक्षा आपल्या सिनिअरच्या फायलींतल्या दाव्यांना ते लावून पाहा: हा दावा कोणत्या अनुच्छेदात बसतो, मुदत कधी सुरू झाली, कधी संपली. आठ-दहा दावे केले की तक्ता आपोआप डोक्यात बसतो.

जुने कायदे वाचायचे की नवे?

दोन्ही. यात पळवाट नाही. भारतीय न्याय संहिता (दंड संहितेच्या जागी), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (पुरावा कायद्याच्या जागी) 1 जुलै 2024 पासून लागू झाले. पण गुन्हा त्याआधी घडला असेल, तर शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणेच. त्यामुळे अशी प्रकरणं घडतात: घटना जून 2024 ची, फिर्याद ऑगस्ट 2024 मध्ये दाखल. तिथे कलम 420 जुन्या संहितेचं लागतं, पण फिर्याद नोंदवण्याची आणि तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. मुलाखतीसाठी हे उदाहरण चांगलं आहे. ‘420 चं 318(4) झालं’ एवढंच उत्तर अपुरं पडतं.

कलमांची यादी पाठ करायचीच असेल, तर रोज लागणारी आधी करा. प्रक्रिया संहितेतली फिर्याद 154 ची 173, साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब 161 चा 180, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब 164 चा 183, पोटगी 125 ची 144, अटकपूर्व जामीन 438 चा 482, आरोपीचा जबाब 313 चा 351. दंड संहितेतला खून 302 चा 103, सासरचा छळ 498-अ चा 85. धनादेश न वटल्याचं कलम 138 मात्र आहे तिथेच आहे, कारण तो कायदाच वेगळा. तालुक्याच्या कोर्टातला निम्मा बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) कधी कधी त्याच एका कलमाचा असतो.

मराठी किती यायला हवं?

नियमाची भाषा स्पष्ट आहे: मराठी बोलता, वाचता, लिहिता यायला हवं आणि मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत सहज भाषांतर करता यायला हवं. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांची मराठी बोलण्यात अडत नाही, वाचण्यात अडते. हाताने लिहिलेला पंचनामा, ‘पूर्वेस गट नंबर अमुक, पश्चिमेस सरकारी रस्ता’ अशा चतुःसीमा, फेरफाराची नोंद, सातबाऱ्यावरचे इतर हक्क, पोलीस पाटलाचा जबाब, हे सगळं झरझर वाचता यायला हवं.

उपाय साधा आहे. सिनिअरच्या ऑफिसातले मराठी दावे आणि कैफियती रोज एक पान इंग्रजीत करा, आणि उच्च न्यायालयाच्या निकालाचा एक परिच्छेद मराठीत. सहा महिन्यांत ‘ताकीद’, ‘कब्जा’, ‘वहिवाट’, ‘निशाणी’, ‘दरखास्त’ हे शब्द हाताखालचे होतात. साक्ष सुरू असताना शब्द अडला, तर नोंदीतला अर्थच फिरू शकतो.

निवड झाल्यावर काय? पगार आणि अधिकार किती?

प्रशिक्षण भाईंदरजवळ उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत. 2025 च्या निकालाप्रमाणे कोर्ट चालवायला बसण्याआधी वर्षभराचं प्रशिक्षण आवश्यक आहे. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 77,840 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे.

दिवाणी बाजूला पाच लाखांपर्यंतचे दावे. फौजदारी बाजूला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड करता येतो, शिवाय नव्या संहितेतली समाजसेवेची शिक्षा. बदल्या होत राहतात. आपल्याच गावी राहायचं असेल, तर ही नोकरी तुमच्यासाठी नाही.

सहायक सरकारी अभियोक्ता आणि जिल्हा सरकारी वकील एकच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. सहायक सरकारी अभियोक्ता हा आयोगातर्फे निवडलेला, अभियोग संचालनालयाचा गट-अ अधिकारी. पगारी, पूर्णवेळ, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. त्यासाठी वकिलीचा पाच वर्षांचा अनुभव लागतो.

जिल्हा सरकारी वकील व सरकारी अभियोक्ता सत्र न्यायालयात काम करतो. त्याची नेमणूक विधी व न्याय विभाग 1984 च्या नियमांखाली ठरावीक मुदतीसाठी करतो आणि कायद्याने किमान सात वर्षांची वकिली लागते. तो सरकारी नोकर नसतो. खासगी प्रकरणं घेऊ शकतो, सरकारविरुद्धची मात्र नाही. मंत्रालयात सरकार बदललं की या नेमणुकांवर चर्चा सुरू होते, तीही तुम्ही ऐकली असेल. ज्याला स्थिर नोकरी हवी त्याने सहायक सरकारी अभियोक्त्याची वाट धरावी. विशेष सरकारी अभियोक्ता एखाद्या प्रकरणापुरता नेमला जातो, त्याला दहा वर्षांची वकिली लागते.

अभियोक्त्याचं काम म्हणजे साक्षीदार तपासणं एवढंच ना?

ते नंतर. चांगल्या अभियोक्त्याचं काम दोषारोपपत्र वाचण्यापासून सुरू होतं, आणि खटले बहुतेक तिथेच जिंकले किंवा हरले जातात. सीसीटीव्हीचं चित्रीकरण पेन ड्राइव्हमध्ये जोडलेलं असतं, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र नसतं. किंवा असतं, पण जुन्या पुरावा कायद्यातल्या 65-ब च्या नमुन्यात. नव्या नमुन्याला दोन भाग आहेत: एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा सांकेतिक क्रमांक) लिहावं लागतं. हे साक्षीच्या दिवशी लक्षात आलं तर उशीर झालेला असतो.

म्हणून फाइल हातात आली की पाहा: मुद्देमालाचं सील आणि पंचनाम्यातलं वर्णन जुळतं का, झडतीचं चित्रीकरण झालं आहे का (नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे ते हवं), सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी गेलं होतं का, जखमीचं प्रमाणपत्र देणारे डॉक्टर आता कुठे आहेत. उणीव दिसली की तपासी अंमलदाराला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर निघून जातं.

पंच फितूर होणं हा रोजचा प्रकार. तिथे चिडून उपयोग नाही. साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारायची परवानगी मागा, सही त्याचीच असल्याचं त्याच्याकडून वदवून घ्या आणि पंचनामा तपासी अंमलदाराच्या साक्षीतून शाबीत करायचा प्रयत्न करा. फितूर साक्षीदाराची साक्ष सगळी पुसली जात नाही. विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं.

वरून सांगितलं म्हणून खटला मागे घ्यावा लागतो का?

खटला मागे घेण्याचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली अभियोक्ताच करतो आणि कोर्टाची संमती लागते. सरकार सुचवू शकतं, पण अभियोक्त्याने स्वतः विचार करून ठरवायचं असतं. नव्या संहितेत पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय परवानगी देता येत नाही. अर्जात नुसतं ‘शासनाच्या आदेशानुसार’ लिहिलं, तर तो टिकणं कठीण.

विधी सेवा प्राधिकरणात वकील म्हणून कसं जाता येतं?

दोन प्रकार आहेत. एक, पॅनेलवरचा वकील: खासगी वकिली चालू ठेवून प्रकरणागणिक मानधन. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव मागतात. दुसरा प्रकार 2022 च्या योजनेतला, लोक अभिरक्षक कार्यालयाचा. हे वकील पूर्णवेळ फक्त आरोपींचा बचाव करतात, खासगी प्रकरण घेऊ शकत नाहीत. मुख्य पदासाठी फौजदारी वकिलीची दहा वर्षं आणि सत्र न्यायालयातले किमान 30 खटले लागतात. उपमुख्य पदासाठी सात वर्षं आणि 20 खटले. सहायकासाठी शून्य ते तीन वर्षं चालतात. करार सुरुवातीला दोन वर्षांचा, पुढे काम पाहून वाढतो. जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि फलकावर लागते.

नव्या वकिलाने सहायक पद जरूर पाहावं. कुणा सिनिअरच्या हाताखाली पाच वर्षांत मिळणार नाहीत एवढे रिमांड आणि जामीनअर्ज इथे वर्षभरात मिळतात, आणि सगळे स्वतःच्या नावावर.

मोफत वकील कुणाला मिळतो?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीतला कोणीही. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत हवं. मदत क्रमांक 15100. तुरुंगातल्या आरोपीला अपिलासाठी वकील आणि निकालाची मोफत प्रत मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये महाराष्ट्रातल्याच होसकोट प्रकरणात सांगितलं.

बचावाच्या कामात नव्या वकिलाच्या हातून काय निसटतं?

तारखा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) प्रमाणे दोषारोपपत्र 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. रिमांडचा पहिला दिवस मोजणीत धरतात. पण हक्क आपोआप अमलात येत नाही, अर्ज करावा लागतो. 61 व्या दिवशी सकाळी अर्ज दिला नाही आणि दुपारी दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. म्हणून प्रत्येक फाइलच्या वेष्टनावर रिमांडची तारीख आणि साठावा-नव्वदावा दिवस लाल शाईने लिहा. पोर्टलवर विसंबू नका.

दुसरं, त्याच संहितेचं कलम 479. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला आणि पहिल्यांदाच गुन्हा केलेल्याला एक तृतीयांश काळानंतर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरीही अडते. तुरुंग अधीक्षकाने कोर्टाला लेखी कळवायचं असतं, पण तुम्ही यादी मागितलेली बरी. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले लोकही त्या यादीत सापडतात. त्यांच्यासाठी अट शिथिल करायचा वेगळा अर्ज द्यावा लागतो.

पक्षकाराने खुशीने पैसे दिले तर?

घ्यायचे नाहीत. रिक्षाभाडं, झेरॉक्स, ‘चहापाणी’ काहीही नाही. तक्रार झाली तर पॅनेलवरून नाव जातं आणि बार कौन्सिलकडे गैरवर्तनाचं प्रकरण वेगळं चालतं.

नोकरी लागल्यावर सनदेचं काय?

पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. कंपनीत किंवा बँकेत कायदा विभागात काम करताना सनद तशीच ठेवणारे बरेच असतात. पुढे न्यायाधीशपदाच्या अर्जात ती वर्षं वकिली म्हणून दाखवली, तर कागदपत्र तपासणीत अडकतात. सरकारी अभियोक्त्याचं तसं नाही. तो पगार घेतो, पण कोर्टात उभा राहून खटला चालवतो. 2013 च्या दीपक अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली आणि अभियोक्त्याचा काळ वकिली म्हणून धरला. त्यामुळे सहायक सरकारी अभियोक्त्याला पुढे थेट जिल्हा न्यायाधीशपदाची वाट बंद होत नाही. तिथे सात वर्षांची वकिली लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये घटनापीठाने सांगितलं की, वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं भरली आणि वय 35 झालं, तर सेवेतला न्यायाधीशही या थेट भरतीत उतरू शकतो.

अर्ज कशामुळे बाद होतात?

अभ्यास कमी पडल्याने नव्हे, कागदांमुळे. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, सनदेवर लग्नानंतरचं दुसरं, आणि राजपत्रातली नोंद नाही. उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचं (नॉन-क्रीमी लेअर) प्रमाणपत्र जाहिरातीत दिलेल्या कालावधीचं नसतं. प्रलंबित गुन्हा ‘किरकोळ आहे’ म्हणून लपवलेला असतो. चारित्र्य पडताळणीत तो निघतोच, आणि गुन्ह्यापेक्षा लपवणं महागात पडतं. कॉलेजातल्या आंदोलनात नाव आलं असेल तरी लिहा, सोबत आदेशाची नक्कल जोडा.

गोव्यातल्या मराठी भाषकांना हेच नियम लागू का?

बार कौन्सिल एकच आणि उच्च न्यायालयही मुंबईचंच, पणजीजवळ पर्वरीत खंडपीठ. पण गोव्याची न्यायिक सेवा वेगळी. तिथली भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडून होत नाही, आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठीचं इष्ट. सिंधुदुर्गातून तिकडे अर्ज करणाऱ्यांनी रहिवासाची अट आधी वाचावी, मग पुस्तकं घ्यावीत.